जुन्या लाकडाची तयारी

वकिलीच्या धंद्यात माणसांच्या भांडणांइतकाच त्यांच्या सामानसुमानाशीही आमचा संबंध येतो. गोव्यात वाटणीचे प्रकरण कोर्टात गेले म्हणजे मयताच्या मालमत्तेची तपशीलवार यादी सादर करावी लागते. तिला आमच्याकडे लोक अजूनही 'इन्व्हेंतार' म्हणतात. २०१२ च्या नव्या कायद्याने पोर्तुगीज काळातील तरतुदींची जागा घेतली, तरी यादीची भाषा फारशी बदललेली नाही. 'पलंग एक, जुना. कपाट एक, जुने, रंगविलेले. देव्हारा एक, लाकडी, रंगविलेला, किंमत नाममात्र.' अशा ओळी आम्ही इतक्या वाचल्या आहेत की, 'रंगविलेले' या शब्दापाशी थबकावे असे आम्हांला कधी वाटलेच नाही. परंतु आमच्याच घराची यादी लिहिण्याचा प्रसंग आला, आणि शेवटची ओळ आमच्याच हाताने लिहावी लागली, तेव्हा लेखणी अडखळली. कारण तो देव्हारा रंगविणारे आम्हीच होतो.

जुने लाकडी सामान घरच्या घरी घासूनपुसून रंगविण्याचा छंद अलीकडे आपल्या समाजात पुष्कळच फैलावला आहे. या छंदाचे गुणदोष तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही या खटल्यात आरोपीही आहोत आणि साक्षीदारही. वाचकांनी आमचे म्हणणे त्याच बेताने घ्यावे.

प्रथम या छंदाच्या बाजूने जे बोलता येईल ते बोलू. जुनी वस्तू फेकून प्लायवुडचे नवे कपाट आणण्यापेक्षा ती दुरुस्त करून वापरणे केव्हाही श्रेयस्कर. आपल्या आजोबांच्या काळातील सागवान, शिसवी किंवा फणसाची जून फळी आज बाजारात शोधूनही सहज मिळत नाही. शिवाय आपल्या हाताने वस्तू नीटनेटकी केल्याने घरातल्या मुलांना तिच्याविषयी आपलेपणा वाटू लागतो. आमच्या एका पुतणीने माडीवर धूळ खात पडलेली खुर्ची उतरवून दोन दिवसांत मोरपंखी केली, आणि जी खुर्ची कोणी ढुंकून पाहत नव्हते तिच्यावर बसण्यासाठी आता भांडणे होतात. हे यश लहान नव्हे. 'लाकडाला रंग लावणे म्हणजे पाप' असे मानणाऱ्या सोवळ्या रसिकांच्या पंक्तीला आम्ही बसत नाही.

बसणारही कसे? रंगविलेले लाकूड ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नव्हे. सावंतवाडीचे पाट, चौरंग आणि गंजिफांचे डबे लाखेच्या झिलईखालच्या वेलबुट्टीसाठीच नावाजले गेले. बडोद्याकडील वाचकांना संखेड्याच्या पाळण्याविषयी आम्ही काय सांगावे? तेथील खरादी सागवान कातून त्यावर कथलाच्या लेपाची नक्षी काढतात, ती अकिकाच्या दगडाने घोटतात आणि वर लाखेचा हात देतात. मग तीच रुपेरी नक्षी सोन्यासारखी झळकू लागते. कर्नाटकात कोप्पळजवळच्या किन्हाळ गावचे चित्रगार देवतांच्या लाकडी मूर्ती रंगवितात. हैदराबादच्या वाचकांना निर्मळची रंगीत खेळणी ठाऊक आहेत आणि बेळगावच्या वाचकांना गोकाकची. तेव्हा रंगाला विरोध करणाऱ्याने या सर्व कारागिरांना आधी उत्तर द्यावे लागेल.

मग आमची तक्रार कशाबद्दल आहे? ती सांगण्यासाठी देव्हाऱ्याची हकीकत सांगणे भाग आहे.

२००३ साली आम्ही कायद्याची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झालो होतो. चतुर्थी तोंडावर आली होती. घरातला फणसाच्या लाकडाचा देव्हारा समईच्या काजळीने, तेलाच्या ओघळांनी आणि कापराच्या धुराने काळवंडला होता. आम्ही तो स्वच्छ करण्याचा विडा उचलला. बाजारातून तेलरंगाचा पांढरा डबा आणि सोनेरी रंगाची लहान डबी आणली. कोणीतरी सांगितले, 'रंग टिकायचा तर तयारी चांगली पाहिजे. खरखरीत कागदाने खूप घासा.' आम्ही तीन दिवस घासले. दर्शनी महिरप, खांब, उंबरा सर्व काही आतले पिवळे लाकूड दिसेपर्यंत घासून काढले. आतल्या बाजूला आणि दारांच्या पाठीमागे हात पोचत नव्हता, म्हणून तेथे नुसताच रंग फासला. चतुर्थीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने देव्हाऱ्याची स्तुती केली. आई मात्र काही बोलली नाही. तिने नव्या पांढऱ्या उंबऱ्यावर बोट फिरवले, आणि नेहमीप्रमाणे फुले वाहिली.

वाटणीत तो देव्हारा कोणालाच नको होता; तो आमच्याकडे आला. त्यानंतरच्या एका पावसाळ्यात दाराच्या आतील बाजूचा रंग सुटू लागला. एक पापुद्रा पिकल्या पानासारखा गळून पडला, आणि त्याखाली शेंदरी रंगावर काळ्या रेघेने काढलेली कमळाची पाकळी दिसली.

ओळखीच्या एका वृद्ध मेस्तांना आम्ही बोलावून आणले. त्यांनी चष्मा पुसला, नखाने पापुद्र्याची कड चाचपली आणि म्हणाले, "वकीलबाब, हें लाखेचें काम." त्यांच्या मते ती सावंतवाडीकडची कारागिरी असावी. आम्ही उत्साहाने विचारले, पुढची महिरपही अशीच मोकळी करता येईल ना? मेस्तांनी महिरपीवर हात फिरवला आणि मान हलविली. तेथे काहीच उरले नव्हते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातच या सर्व प्रश्नाचे मर्म आहे. लाखेचा जुना थर काचेसारखा गुळगुळीत असतो. त्यावर तेलरंग नीट पकड घेत नाही. म्हणून जेथे आम्ही आळसाने घासले नव्हते, तेथे रंग सहज सुटला आणि खालचे चित्र वाचले. जेथे आम्ही शास्त्रोक्त तयारी केली, तेथे चित्र रंगाखाली दडले नव्हते. ते रंगाच्या आधीच भुश्याबरोबर केरात गेले होते. आमचा रंग हा गुन्हाच नव्हता. आमचा गुन्हा होता तयारी.

रंगकामावरील जे लिखाण आणि जे सल्ले आमच्या पाहण्यात येतात, त्यांवर आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. रंग कोणता घ्यावा, पांढऱ्यात निळा किती मिसळावा, कुंचला कसा धरावा, यावर पाने भरलेली असतात; तयारीला मात्र एक ओळ मिळते: 'पृष्ठभाग चांगला घासून घ्यावा.' जणू तयारी ही बिनमोलाची हमाली आहे आणि विचार काय तो पुढे सुरू होतो! वस्तुतः नंतर केलेली प्रत्येक चूक थोडीफार सुधारता येते. रंग नको झाला तर खरवडता येतो, दुसरा देता येतो. घासून काढलेला कण मात्र परत बसविता येत नाही. ज्या क्रियेवर अपील नाही, ती सर्वांत सावधपणे करावी हे आम्हां वकिलांना वेगळे सांगावे लागत नाही; आणि नेमकी तीच क्रिया येथे सर्वांत बेफिकिरीने केली जाते.

जुन्या कारागिरांची तयारी पाहा. किन्हाळचे चित्रगार हलक्या लाकडाचे भाग जोडतात, सांधे तागाच्या चिंध्या, लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने झाकतात, आणि मग त्यावर रंगाचे अस्तर चढवितात. त्यांची तयारी म्हणजे लाकडावर काही घालणे. आमची तयारी म्हणजे लाकडाचे काही काढणे. शिवाय ते नव्या लाकडावर काम करतात. त्यांचा रंग हा वस्तूच्या जन्माबरोबरचा असतो. साठ-सत्तर वर्षे घरात नांदलेल्या वस्तूला आपण रंग देतो तेव्हा तेथे आपल्याआधी कोणीतरी येऊन गेलेले असते, आणि त्याची सही तपासल्याशिवाय दस्तऐवजावर आपली सही करणे उचित नव्हे.

आता त्या नव्या, खडूसारख्या निस्तेज रंगाविषयी. ॲनी स्लोन या इंग्रज बाईंनी १९९० साली 'चॉक पेंट' या नावाने तो प्रचारात आणला. आज आपल्याकडेही त्याच्या नकला मिळतात. टीकाकाराने न्याय करावयाचा तर या रंगाचा एक मोठा गुण मान्य केला पाहिजे: तो बहुधा घासल्यावाचून बसतो. म्हणजे आमच्या तेलरंगापेक्षा त्याची हिंसा कमी. पुतणीने खुर्चीला तोच लावला, आणि तिच्या खुर्चीचे जुने पॉलिश आतमध्ये सुखरूप आहे. दोष आहे तो पुढच्या पायरीत. रंग वाळल्यावर कडा आणि हात मुद्दाम खरवडून, वस्तू पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली दिसावी असा देखावा करण्याची रीत पडली आहे. खऱ्या जुनेपणावर रंग चढवावयाचा आणि त्यावर खोटा जुनेपणा कोरावयाचा, ही रसिकता आम्हांला समजत नाही. खुर्चीचा हात जेथे झिजतो तेथे कोणाचे तरी मनगट टेकलेले असते. काचकागदाने झिजविलेल्या हातावर कोणीच टेकलेले नसते. शिवाय हा रंग सच्छिद्र असल्यामुळे त्यावर मेणाचा हात द्यावा लागतो, आणि मेण आपल्या वैशाखात मऊ पडते. देव्हारा, समईचा पाट, स्वयंपाकघरातील मांडणी यांना तो आम्ही सुचविणार नाही.

याच्या उलट टोकाचा एक पंथ आहे. त्याचाही समाचार घेतला पाहिजे. जुन्या सामानावरील प्रत्येक थर खरवडून 'मूळ लाकूड' उघडे करणे हीच खरी सेवा, असे हे लोक मानतात. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात जुनी देवळे अशीच खरवडली जाऊ लागली, तेव्हा विल्यम मॉरिस याने १८७७ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापिली. तिला लोक गमतीने 'खरवडविरोधी' मंडळी म्हणत. पुढे १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेने, जेथे तर्काला आरंभ होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, असे तत्त्व घालून दिले. हे तत्त्व फौजदारी न्यायातील संशयाच्या फायद्यासारखेच आहे. खाली काय आहे याचा संशय असेल, तर फायदा वस्तूला मिळावा. आपल्या हौसेला नव्हे.

इतके बोलल्यावर 'मग करावे तरी काय?' हा प्रश्न वाचक विचारतीलच. अनुभवाने महाग पडलेले चार शब्द सांगतो.

पहिली गोष्ट पाहण्याची. मागची बाजू, तळ, खणाच्या आतील भाग आणि दाराची पाठ पाहावी; जुना रंग आणि जुनी नक्षी तेथेच वाचलेली असते. कोरीव काम, लाखकाम, शिसवीवरील जडावाचे काम किंवा कोणा कारागिराची खूण आढळली तर काचकागद दूर ठेवून जाणत्या माणसाला बोलवावे. साधी पाटी, बाक, मांडणी किंवा आंब्याच्या फळ्यांचे कपाट असेल तर खुशाल रंगवावे. त्यात कसलेही पातक नाही.

दुसरी गोष्ट धुण्याची. आम्ही ज्याला 'जुनाट काळेपणा' म्हणतो तो पुष्कळदा नुसता काजळी आणि तेलाचा राप असतो. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसल्यावर कित्येक वस्तू रंग मागतच नाहीत. मात्र लाखेच्या पॉलिशवर पाणी रेंगाळले की पांढरे डाग उठतात, आणि स्पिरिट लावले तर लाख विरघळते. म्हणून कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागी आधी करून पाहावे. हलणारे सांधे रंगापूर्वी आवळावेत. जुन्या मेस्तांनी सरस वापरला तो उगाच नव्हे. ऊब आणि ओलावा दिला की सरसाचा सांधा पुन्हा उघडता येतो. भुसा पडत असेल तर किडीचा बंदोबस्त आधी, शोभा मागाहून.

तिसरी गोष्ट प्रकृतीची, आणि ती हौसेपेक्षा महत्त्वाची. पूर्वीच्या तेलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला तर ती धूळ घरभर पसरते, आणि लहान मुलांना ती विशेष बाधते. असा रंग निघत नसेल तर त्याला छेडू नये. निघत असेल तर किंचित दमट करून काढावा, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे, आणि पापुद्रे गोळा करून नीट बांधून टाकावेत. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेतात. उघडी पसरून वाळवावीत.

चौथी गोष्ट काळाची. कोकणच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरून असते. त्यावर दिलेला रंग पुढे फुगतो. चतुर्थीची घाई हीच आमच्या घराघरांतील रंगकामाची शत्रू आहे. पौष-माघाच्या कोरड्या हवेत काम काढावे. घासावयाचेच असेल तर लाकडाच्या रेषेला धरून, बारीक काचकागदाने, नव्या थराला पकड मिळण्यापुरतेच. सागवानात अंगचे तेल असल्याने त्यावर तेलरंग लवकर वाळत नाही. त्याला आधी स्पिरिटने पुसून, अस्तराचा पातळ हात द्यावा. खाचा लांबीने भराव्यात. मग एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात. याहून अधिक विद्या या कामाला लागत नाही. लागते ती वाट पाहण्याची ताकद.

हे झाले घरचे. परंतु या नियतकालिकाचे वाचक बहुतेक कुठल्या ना कुठल्या देवस्थानाशी बांधलेले आहेत, म्हणून एक शब्द देवळांविषयी. म्हार्दोळच्या महालसेच्या देवळातील लाकडी कोरीव काम पाहिलेल्या माणसाला आपल्या मेस्तांची योग्यता सांगावी लागत नाही. तरीही आमच्या पाहण्यातली कित्येक देवळे अशी आहेत की, जेथे दर काही वर्षांनी उत्सवापूर्वी कोरीव दारांना आणि खांबांना भडक तेलरंगाचा हात दिला जातो. थरावर थर बसून वेलीच्या पानांतील शिरा भरून गेल्या, द्वारपालांची बोटे जुळली, आणि सिंहाचा जबडा मिटला. भिंतींवरील लाल-पांढऱ्या कावी चित्रांची अनेक ठिकाणी चुन्याखाली आणि रंगाखाली जी गत झाली, तीच आता लाकडाची होत आहे. हेतू निर्मळ असतो; देवाचे घर उजळ दिसावे एवढीच इच्छा असते. आमचाही २००३ साली तोच हेतू होता.

कायद्याचा एक दाखला येथे देतो. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या कुलदेवतेवरून झालेल्या वादात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली असे ठरविले की, देवतामूर्ती ही इकडून तिकडे हलविण्याची जंगम वस्तू नव्हे; तिला स्वतःचे हितसंबंध आहेत, आणि ते मांडण्यासाठी तिच्या वतीने स्वतंत्र प्रतिनिधी असावा. मूर्तीविषयीचे हे तत्त्व तिच्या आसनाला, दाराला, पालखीला जसेच्या तसे लागू आहे असे आम्ही म्हणत नाही. पण देवस्थानची मालमत्ता देवाची, महाजन आणि समिती तिचे केवळ सांभाळणारे, ही गोष्ट तर वादातीत आहे. सांभाळणाऱ्याने परत न फिरणारी गोष्ट करण्यापूर्वी निदान बैठकीत एवढे तरी विचारावे: कोरीव कामाची छायाचित्रे घेतली काय? खालचा थर एका कोपऱ्यात पाहिला काय? गावातील जाणत्या मेस्ताला विचारले काय? आणि उत्तरे इतिवृत्तात लिहावीत. रंगाऱ्याचे दरपत्रक आपण तीनदा वाचतो. लाकूड एकदा तरी वाचावे.

असो. आमच्या देव्हाऱ्याचे पुढे काय झाले ते सांगून लेख संपवितो. मेस्तांनी दोन्ही दारांच्या पाठी आणि आतील फळी, बांबूच्या पातळ कामटीने, रोज थोडी थोडी करून मोकळी केली. स्पिरिटला हातही लावला नाही. एका दारावर कमळ निघाले, दुसऱ्यावर पोपट. दर्शनी भागावरील पांढरा रंग आम्ही तसाच ठेवला आहे. मेस्त म्हणाले, तो काढून लाखेचा साधा हात देता येईल, बरे दिसेल. आम्हांला ते मानवले नाही. सकाळी पूजेसाठी दारे उघडली की कमळ आणि पोपट पुढे येतात, आणि मधोमध आमची पांढरी महिरप उभी असते.

घरच्या कागदपत्रांत आम्ही त्या देव्हाऱ्याची नोंद अलीकडे नव्याने केली आहे. पुढच्या यादीकाराला उपयोगी पडावी म्हणून. ती अशी: 'देव्हारा एक, फणसाच्या लाकडाचा. दारांच्या पाठीमागे आणि आतील फळीवर जुने लाखकाम, शाबूत. दर्शनी भागावरील लाखकाम २००३ साली प्रस्तुत नोंद करणाराकडून घासले गेले. किंमत: लावलेली नाही.'